काळ्या रानातला नाकतोडा, तांबड्या रानातला नाकतोडा

जांबोटी-कणकुंबीकडच्या जांभ्याच्या मातीत पायाखालून जो बारका नाकतोडा उडतो, तो विटकरी असतो. त्याच जातीचा नाकतोडा बैलहोंगलच्या पुढं, सौंदत्तीच्या वाटेवरच्या काळ्या रानात सापडला की तो करडा-काळा असतो, अंगावर पांढुरके ठिपके. आमच्या बेळगाव जिल्ह्याची ही दोन टोकं. एकीकडं पावसानं धुऊन काढलेली तांबडी माती, दुसरीकडं उन्हाळ्यात भेगाळणारी काळी. मधल्या पट्ट्यात, मार्कंडेयच्या आणि मलप्रभेच्या काठाकाठानं, माती जशी बदलत जाते तसा नाकतोडाही बदलत जातो. गेली काही वर्षं मी हे बघतोय आणि आता लिहायचं ठरवलं, कारण आमच्या भागात याबद्दल जे बोललं जातं त्यातलं थोडं खरं आहे, बरंचसं अर्धवट आहे, आणि खरी गोष्ट त्याहून कितीतरी भारी आहे.

माझं काम माती गोळा करायचं. माती परीक्षण करणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेसाठी मी खानापूर, बेळगाव, बैलहोंगल, हुक्केरी, कधी निपाणी-चिकोडीपर्यंत फिरतो. रानात नागमोडी चालत आठ-दहा जागा धरायच्या, वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, व्ही आकाराचा खड्डा घ्यायचा, वीतभर खोलीपर्यंतची माती कडेनं कापून घमेल्यात टाकायची. सगळी कालवायची, चार वाटे करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, पुन्हा कालवायची, पुन्हा चार वाटे, अर्धा किलो उरेपर्यंत. मग सावलीत वाळवण, पिशवी, चिठ्ठी. या कामात नजर दिवसभर जमिनीवर असते. पालापाचोळा सारला की पहिल्यांदा कोण उडतं? नाकतोडाच.

ज्याच्याबद्दल मी सुरुवातीला लिहिलं तो भुईवरचा नाकतोडा, शास्त्रातलं नाव क्रोटोगोनस. पेरभर लांबीचा, बसका, अंगानं चपटा. गवतावर फारसा चढत नाही, उघड्या मातीवरच वावरतो. तो हातात धरून, मोबाईलच्या कॅमेऱ्यावर भिंग लावून बघा. पाठ गुळगुळीत नसते, तिच्यावर बारीक बारीक उंचवटे असतात, मातीचे कण चिकटल्यागत. तांबड्या रानातल्याच्या पाठीवर नुसता एक विटकरी रंग नसतो. त्यात काळपट कण असतात, पिवळसर कण असतात, आणि हे प्रमाण खालच्या मुरमाड मातीशी इतकं जुळतं की नमुन्याची पिशवी शेजारी धरली तर दोन्हीकडं तेच मिश्रण दिसतं. तो जोपर्यंत बसलेला असतो तोपर्यंत तुम्हाला तो दिसत नाही. उडाला, चार हातांवर जाऊन बसला, की पुन्हा दिसेनासा. काळ्या रानातल्याची पाठ राखाडी-काळी, आणि तिथल्या मातीत जसे चुनखडीचे पांढरे खडे असतात तसे तिच्यावर फिके ठिपके.

आमची आत्ती गर्लगुंजीला असते. तिच्याकडं हा विषय काढला तेव्हा ती लगेच म्हणाली, "जे खातंय त्याचा रंग घेतंय की ते. कोबीतली अळी बघ, हिरवीच असतीया." हे आमच्याकडं सगळेच म्हणतात. मी तिला म्हटलं, "आत्ती, मग काळ्या रानातला काय माती खातोय?" त्यावर ती हसली, पण तिचं म्हणणं सोडलं नाही. आणि तिचं म्हणणं पूर्णपणे सोडून देण्यासारखं नाहीच.

नाकतोड्याचा हिरवा रंग गवताच्या हिरव्या रंगापासून येत नाही. गवतातलं हरितद्रव्य त्याच्या पोटातून जातं आणि बाहेर पडतं. त्याच्या कातडीतला हिरवा दोन रंगांच्या मिश्रणातून तयार होतो: एक निळा, एक पिवळा. निळा म्हणजे बिलिव्हर्डिन, तो कीटक स्वतःच्या अंगात तयार करतो. पिवळा म्हणजे कॅरोटिनॉइड, गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याच्या कुळातला, आणि तो मात्र नाकतोड्याला स्वतःला बनवता येत नाही, तो खाण्यातूनच मिळवावा लागतो. पाल्यात तो भरपूर असतो. म्हणजे आत्तीचं अर्धं बरोबर: पिवळा रंग खरोखर खाल्लेल्या पाल्यातून येतो. पण तोच पाला खाणारे दोन नाकतोडे, एक हिरवा आणि एक तपकिरी, एकाच बांधावर शेजारी बसलेले असतात. खाणं तेच, रंग वेगळा. तर रंगाचा सांधा बदलणारी गोष्ट दुसरीच काहीतरी आहे.

खरं तर दोन गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवून बघितल्या की सगळं उलगडत जातं. हिरवं व्हायचं की तपकिरी, हा एक निर्णय. आणि तपकिरी व्हायचं ठरलं तर कसलं तपकिरी, कोणत्या मातीचं, हा दुसरा.

पहिला निर्णय मुख्यतः ओलाव्यावर होतो. खानापूरच्या भातशेतीत श्रावण-भाद्रपदात जाऊन बघा. लांब निमुळत्या डोक्याचा, टोकाला चपट्या मिशा असलेला, काडीसारखा नाकतोडा (ॲक्रिडा) त्या दिवसांत बहुतेक हिरवा दिसतो. तोच मार्गशीर्षात, भात कापून झाल्यावर, वाळल्या गवतात बघितला तर वाळक्या पातीच्या रंगाचा, काहींच्या अंगावर तर पातीवर असतात तशा उभ्या फिक्या रेघासुद्धा. निपाणीच्या तंबाखूवर येणारा ॲट्रॅक्टोमॉर्फा, ज्याला पुस्तकात तंबाखूचा नाकतोडाच म्हणतात, त्याचीही हिरवी आणि तपकिरी अशी दोन्ही रूपं मिळतात. पूर्व आफ्रिकेतल्या गवताळ रानांवर ह्यू रॉवेल या शास्त्रज्ञानं यावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १९७०च्या सुमाराला ते मांडलं: पाऊस झाला, गवत ओलंगार झालं की हिरव्यांचं प्रमाण वाढतं, कोरडं पडलं की तपकिरींचं. प्रयोगशाळेत हवेतली आर्द्रता वाढवूनही अनेक जातींची पिल्लं हिरवी करता येतात.

अंगाच्या आत हा निरोप कोण पोचवतं? एक संप्रेरक, ज्युव्हेनाइल हॉर्मोन, म्हणजे बाल्य टिकवणारं. मेंदूच्या मागं असलेल्या एका इवल्याशा ग्रंथीच्या जोडीतून ते येतं. ही ग्रंथी दुसऱ्या किड्याची काढून टोळाच्या पिल्लाच्या अंगात जादा बसवली तर जे पिल्लू तपकिरी किंवा काळं व्हायचं ते हिरवं होतं, हे करून बघितलेलं आहे. ओलावा जास्त, तर हे संप्रेरक जास्त, तर हिरवा. सूत्र म्हणून एवढं पुरेसं आहे, जरी जातीजातीत फरक असले तरी.

आता दुसरा निर्णय, ज्यानं मला खरं वेड लावलं. मातीचा रंग.

दक्षिण आफ्रिकेत याकोबस फॉर यांनी टोळांवर मोठं काम केलं, ते १९३२ साली प्रसिद्ध झालं. एकेकट्या वाढवलेल्या टोळांच्या पिल्लांना वेगवेगळ्या रंगांच्या पार्श्वभूमीवर ठेवलं तर पिल्लं त्या त्या रंगाकडं झुकतात, काळ्यावर काळी, फिक्यावर फिकी, हे त्यांनी दाखवलं. १९३७ मध्ये हर्ट्झ आणि इम्स यांनी इंग्लंडमध्ये आफ्रिकन टोळाची पिल्लं घेऊन हेच आणखी बारकाईनं तपासलं. आणि हे सगळं डोळ्यातून होतं. कातडीला रंग "लागत" नाही. नाकतोड्याचा डोळा हजारो बारक्या डोळ्यांचा बनलेला असतो, वरचे आभाळ बघतात, खालचे जमीन बघतात. वरून किती उजेड येतोय आणि खालून त्यातला किती परत येतोय, या दोहोंचं प्रमाण तो धरतो. नुसता अंधार असून भागत नाही. ढगाळ दिवशी सगळंच अंधारलेलं असतं, पण वर आणि खाली यांचं प्रमाण तेच राहतं. वर लख्ख उजेड आणि खालून काहीच परत येत नाही, याचा अर्थ जमीन काळी. हा हिशेब करून शरीर काळं द्रव्य जास्त तयार करतं.

आमच्या प्रयोगशाळेत मातीचा रंग ठरवायला रंगीत तुकड्यांचा तक्ता असतो, त्याच्याशी ओली आणि कोरडी माती ताडून बघायची असते. उजेड बदलला की माझाही अंदाज हलतो, म्हणून आम्ही ठरावीक उजेडातच तक्ता उघडतो. नाकतोडा मात्र ती अडचण डोळ्याच्या रचनेतच सोडवून बसलाय. हे कळलं तेव्हा मी त्या किड्याकडं वेगळ्याच आदरानं बघायला लागलो.

रंग बदलतो म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सरडा येतो. पण नाकतोडा सरड्यासारखा बघता बघता रंग बदलत नाही. त्याचा काळा रंग, मेलॅनिन, बाहेरच्या कवचात बसतो, आणि कवच तर तयार झाल्यावर तसंच राहतं. म्हणून मोठा बदल कात टाकतानाच होतो. अंड्यातून बाहेर पडल्यापासून पंख फुटेपर्यंत नाकतोडा जातीप्रमाणं पाच ते सात वेळा कात टाकतो, आणि प्रत्येक वेळी नवं कवच कुठल्या रंगाचं हवं ते ठरवायची संधी त्याला मिळते. कवचाखालच्या पेशींत तांबडी-तपकिरी द्रव्यं असतात, ओमोक्रोम म्हणतात त्यांना, ती मधल्या काळातही थोडीफार कमीजास्त होतात. पण एकूण हा दिवसांचा, आठवड्यांचा कारभार आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. ऑस्ट्रेलियातल्या उंच डोंगरांवर कॉसिअस्कोला नावाचा नाकतोडा आहे. त्याचा नर रात्री थंडीत काळपट असतो आणि दिवसा ऊन चढलं, अंग २५ अंशांच्या वर तापलं की निळाशार होतो. रोज. पेशींतले रंगाचे कण वर-खाली सरकतात म्हणून हे जमतं. की आणि डे या दोघांनी १९५४ साली त्याचं वर्णन केलं. पण त्यात जमिनीच्या रंगाचा संबंध नाही, तो तापमानाचा खेळ.

मी स्वतः हे करून बघितलं. घरामागच्या पडवीत दोन रुंद तोंडाच्या बरण्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड. एकीत तळाला आणि कडेनं चुलीतल्या कोळशाची भुकटी, दुसरीत धुतलेली पांढुरकी वाळू. दोन्ही एकाच उजेडात. माळावरून भुईवरच्या नाकतोड्याची एकाच ठिकाणची, अगदी लहान पिल्लं आणून दोन्हींत वाटून टाकली, दोघांनाही रोज तोच ताजा पाला. पहिली कात पडली तेव्हा फार काही दिसलं नाही. दुसरीनंतर मात्र दोन बरण्या शेजारी ठेवल्या की कुणालाही फरक कळावा. कोळशावरच्यांची पाठ गडद, मधले फिके कण जवळजवळ गेलेले. वाळूवरची फिकट, भुरकट, पायांवरचे पट्टे धूसर. तांबडेपणा दोन्हींतून पूर्ण गेला नाही, त्या माळावरच्या मातीचा अंश दोन्हींच्या अंगात राहिलाच. माझ्यासाठी सगळ्यात बोलकी गोष्ट ही की दोघांचं खाणं एकच होतं. मी आत्तीला दोन्ही बरण्या नेऊन दाखवल्या. तिनं पदरानं काच पुसली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हे मग बघून शिकतंय की रे."

मी हिरव्या गवत्या नाकतोड्यांचीही पिल्लं कोळशावर ठेवली होती. जी हिरवी होती ती कोळशावरही हिरवीच राहिली. रॉवेलच्या कामाशी हे जुळतं: मातीशी मेळ घालायचं काम बहुतेक तपकिरी रूपातच चालतं, हिरव्या रूपात ते फारसं होत नाही. हिरवं व्हायचं ठरलं की मग जमीन कशी का असेना.

कोळसा घ्यायचं कारण होतं. आमच्याकडं माघ-फाल्गुनात दोन प्रकारे जमीन काळी होते. एक म्हणजे खानापूरकडच्या डोंगरांवरचे, माळांवरचे वणवे. दुसरं उसाचा पाला. हुक्केरी-चिकोडी-संकेश्वर पट्ट्यात तोड झाली की खोडवा राखण्याआधी पाला पेटवून देतात. एका रात्रीत पिवळं रान काळं. मग चार-दोन आठवड्यांनी नमुने घ्यायला त्याच रानात गेलं की राखेवर नाकतोडे असतात, आणि ते काळे असतात. शेजारच्या न पेटवलेल्या तुकड्यात त्याच जातीचे भुरे. मधे फक्त एक बांध.

आफ्रिकेतल्या जळक्या गवताळ रानांवरचे काळे कीटक ऑक्सफर्डच्या एडवर्ड पोल्टन यांनी १९२६ साली नोंदवले. पुढं १९५१ मध्ये बर्ट यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली: काही जातींत पूर्ण वाढ झालेले, म्हणजे आता पुन्हा कात न टाकणारे नाकतोडेसुद्धा जळक्या जमिनीवर ठेवले की काही दिवसांत काळवंडतात. आगीनंतर पुढच्या कातीपर्यंत थांबायला वेळ नसतो, पाखरं लगेच येतात. इथं वणव्याच्या कडेला कोतवाल आणि वेडे राघू आगीच्या वेळीच घिरट्या घालत असतात. आग विझल्यावर बगळे आणि साळुंक्या. आणि विजेच्या तारेवर नीळकंठ, आपल्या कर्नाटकाचा राज्यपक्षी, खाली नजर लावून बसलेला. मी त्याला जळक्या रानातून नाकतोडा उचलताना बघितलंय. तो तारेवरून सरळ खाली येतो, उचलतो, परत जातो, तारेवर दोनदा आपटतो आणि गिळतो. त्या नजरेखाली भुरा नाकतोडा काळ्या राखेवर किती वेळ टिकणार!

पण सगळीकडं काळेपणा बघूनच येतो असंही नाही. स्वीडनमध्ये अँडर्स फोर्समन आणि सहकाऱ्यांनी टेट्रिक्स नावाचे बारके नाकतोडे बघितले. जंगल जळल्यानंतरच्या वर्षी तिथं सरासरी निम्मे काळे होते, चार वर्षांनी गवत परत आल्यावर ते प्रमाण ३० टक्क्यांवर उतरलं. पण त्यांची पिल्लं जळक्या आणि न जळलेल्या मातीवर वाढवून बघितली तर मातीनं रंगात फरक पडला नाही. पिल्लं आईबापांवर गेली. तिथं रंग जन्मतःच ठरलेला, आणि पाखरं वेचून वेचून कुठला रंग उरायचा ते ठरवतात. बाहेरून दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात, जळकं रान आणि त्यात काळे नाकतोडे. आतली वाट मात्र पूर्ण वेगळी. म्हणून नुसतं रानात बघून भागत नाही, बरणी लागतेच.

पाला पेटवण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहितो: पेटवू नका. मी माती तपासण्याच्या कामातला माणूस आहे, सेंद्रिय कर्ब किती खाली गेलाय हे अहवालात बघतो तेव्हा जीव तुटतो. लोक म्हणतात की पेटवलं की किडे मरतात. भातावरच्या आणि उसावरच्या मोठ्या नाकतोड्याची (हिरोग्लिफस) अंडी बांधात आणि जमिनीत काही सेंटिमीटर खोल, फेसाच्या नळीत घातलेली असतात. वरून पाला भुर्रकन जळून जातो, तेवढ्यानं खाली ऊब पोचत नाही. ती अंडी हिवाळा-उन्हाळा तशीच काढतात आणि मृगाच्या पावसावर फुटतात. त्यांचा बंदोबस्त करायचा तर कापणीनंतर नांगरट करून, बांध तासून ती नळी वर काढायची, ऊन आणि पाखरं पुढचं काम करतात. बैलहोंगलकडच्या एका अज्जांनी मला हे कन्नडमध्ये, हातानं बांध फोडून, नळी तळहातावर ठेवून समजावलं होतं. कृषी विभागाची शिफारस तीच आहे, अज्जांना ती त्यांच्या वडिलांकडून आलेली.

सगळेच नाकतोडे लपतात असं मात्र नाही. रुईवरचा बघा. पिवळ्या अंगावर निळसर पट्टे, उडताना दिसणारे तांबडे मागचे पंख. उघड्या माळावर, दिवसाढवळ्या, पांढरट-हिरव्या पानावर बसलेला असतो, लांबून दिसतो, जवळ गेलात तरी घाई करत नाही. रुईच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो, आणि छेडला तर पिचकारी मारतो. त्याचा रंग मातीशी मेळ घालत नाही, तो पाखरांना आधीच सांगून ठेवतो. २०२०च्या उन्हाळ्यात राजस्थान-मध्य प्रदेशातून विदर्भापर्यंत टोळधाड आली, तेव्हा आपल्या राज्यात कोलारकडं रुईवरचे हेच नाकतोडे बघून लोक घाबरले होते. कृषी अधिकाऱ्यांना हे टोळ नव्हेत म्हणून सांगावं लागलं. मलाही तेव्हा खानापूर-निपाणीकडून फोटो येत होते, आणि जवळजवळ सगळे रुईवरचे.

टोळाचा विषय याच धाग्यातला आहे, कारण त्याच्याबाबतीत परिसर म्हणजे माती आणि ओलावा एवढंच नसतं, गर्दीही असते. एकटं वाढलेलं वाळवंटी टोळाचं पिल्लू हिरवं असतं. तेच दाटीवाटीत वाढलं की पिवळं-काळं होतं. ही रूपं इतकी वेगळी दिसतात की टोळांच्या काही जाती पूर्वी दोन-दोन नावांनी ओळखल्या जायच्या. बोरिस उवारोव यांनी १९२१ साली एका टोळाबद्दल दाखवलं की ज्या दोन जाती मानल्या जातात त्या एकाच जातीच्या दोन अवस्था आहेत. पुढं कळलं की वाळवंटी टोळाच्या मागच्या मांड्यांना वारंवार दुसऱ्याचा स्पर्श होत राहिला तरी त्याचं वागणं काही तासांत बदलतं, आणि २००९ मध्ये सापडलं की त्या बदलामागं सेरोटोनिन आहे, आपल्या मेंदूतही असतं तेच. रंग मात्र तासांत बदलत नाही, तो पुन्हा कातीकातीनं. आणि तो काळा रंग आणणारा एक रेणू १९९९ मध्ये ओळखला गेला: कोराझोनिन, फक्त ११ अमिनो आम्लांचा. ओकिनावाच्या वाणातल्या पूर्ण पांढऱ्या टोळांना तो टोचला, आणि पुढच्या कातीनंतर ते काळे झाले. टोळांच्या अंगात रंग बनवायची सगळी सामग्री होती, नुसता निरोप पोचत नव्हता.

शेवटची एक गोष्ट, जी मला सध्या सगळ्यात जास्त खुणावते. रंग बदलता येत नसेल तर नाकतोडा काय करतो? जागा बदलतो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात पीम एडेलार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फरसबंदीवर आणि डांबरावर राहणारे नाकतोडे बघितले. डांबरावर गडद, फिक्या फरशीवर फिके. त्यांनी काही नाकतोडे चक्क रंगवले, काही गडद, काही फिके, आणि सोडून दिले. रंगवलेले नाकतोडे आपल्या नव्या रंगाला जुळणाऱ्या जमिनीकडं जास्त गेले. २०२०चा हा प्रयोग. म्हणजे आपण कसे दिसतो याची काहीतरी कल्पना त्या किड्याला आहे, आणि तो त्याप्रमाणं बसायची जागा निवडतो.

बेळगावहून गोव्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आता काळी खडी आणि डांबर यांचा नवा पट्टा तयार झालाय, आणि त्याला लागूनच जांभ्याची तांबडी माती. दोन हातांच्या अंतरात दोन रंग. त्या कडेला मी आता थांबून बघतो. खडीवर गडद नाकतोडे मिळतात, मातीवर विटकरी. ते तिथं वाढून तसे झाले की रंग बघून तिकडं गेले, हे नुसतं बघून सांगता येणार नाही. येत्या हिवाळ्यात मी त्यांना पाठीच्या कडेवर रंगाचा बारीक ठिपका लावून सोडणार आहे, खडीवरचे मातीवर आणि मातीवरचे खडीवर, आणि दुसऱ्या दिवशी कोण कुठं सापडतं ते टिपणार आहे.

खानापूर, निपाणी, चंदगड, हुक्केरीकडच्या कुणाला बघायचं असेल तर पेटवलेल्या रानाच्या बांधावर जा, आग विझून तीन-चार आठवडे झाल्यावर. सकाळी ऊन चढायच्या आत जा, तेव्हा ते गारठलेले असतात, सहज हाताला लागतात. फोटो काढताना त्याच चौकटीत खालची मूठभर माती आणि एक पांढरा कागद येऊ द्या, नाहीतर मोबाईल रंग आपल्या मनानं बदलतो आणि तुलना करता येत नाही. दोन फोटो काढा, एक जळक्या बाजूचा, एक न जळलेल्या बाजूचा, आणि गावाचं नाव लिहून मला पाठवा.